आनाक्लेतो मास्तरांचा उजवा गाल

आनाक्लेतो वाराची यांना उंच पठारावरच्या आमच्या ओरुरोच्या बाजारात सगळे मास्तर म्हणतात, पण त्यांनी शाळेत कधी कुणाला शिकवलेलं नाही. शाळेत ते स्वतःच फारसे गेले नाहीत. बायकांच्या गोल टोप्या दुरुस्त करणारा माणूस आमच्याकडे मास्तरच. गारपिटीत भिजून बसलेली, बसमध्ये कुणाच्या तरी बुडाखाली गेलेली, नवऱ्याशी भांडताना भिंतीवर आपटलेली, कसलीही टोपी त्यांच्या हातात द्या. ते तिला वाफेवर धरतात, लाकडी साच्यावर चढवतात, ब्रशने थोपटतात आणि परत देताना सांगतात, "आता विहिणीसमोर घालून जा, बघ कशी जळते."

मास्तरांचा उजवा गाल कायम फुगलेला असायचा. आत कोकाची पानं. देठ काढून एकेक पान गालात सरकवायचं, मधूनच राखेच्या वडीचा कण दाताखाली घ्यायचा, आणि हळूहळू जमणारा तो बोळा दिवसभर सांभाळायचा. त्याचा रस घशाखाली उतरत राहिला की थंडी, भूक आणि बायकोचं बोलणं ही तिन्ही जरा लांबून आल्यासारखी वाटतात. आमच्या उंचीवर हे निम्मं गाव करतं. पण मास्तरांइतकं मनापासून कुणी करत नसे. नव्या माणसाला पत्ता सांगताना लोक म्हणत, "टोप्यांच्या गल्लीत जा, आणि गाल बघ." माणूस बरोबर पोचायचा.

पुढे दातांच्या डॉक्टरने तोंडात आरसा घालून पाहिलं आणि निकाल दिला, "उजवीकडच्या हिरड्या सुजल्यात. बोळा सोडा, नाहीतर दाढा सोडा." मास्तरांनी हे घरी सांगितलं नसतंच, पण सोबत बायको होती. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने डोन्या म्हणतात; तर या डोन्या न्येवेस यांनी त्याच संध्याकाळी शेजारणीच्या फोनवरून ब्वेनोस आयरेसला मुलीला कळवलं. मार्लेने तिकडे एका बेकरीत काम करते. गेली तेव्हा एकटी होती. आता तिला लाउतारो नावाचा चार वर्षांचा मुलगा आहे, आणि आजोबांनी त्याला फक्त फोटोत पाहिलेलं.

"पप्पा, पानं सोडा," मार्लेने म्हणाली.

"सोडतो की."

"असं नाही. सोकावोनच्या माउलीची शपथ घ्या."

आता ओरुरोत माउलीची शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे. अख्खं गाव कार्निवलला नाचत नाचत तिच्या दारी जातं आणि शेवटी गुडघ्यांवर रांगत आत शिरतं. मास्तर जरा घुटमळले. पण मुलगी रडवेली झालेली, शेजारीण कान देऊन उभी. त्यांनी शपथ घेतली. आणि पंधरवड्याने गावाकडे येणाऱ्या एका बाईच्या हाती मार्लेनेने चक्क नवा स्मार्टफोन पाठवला. सोबत निरोप होता, "आता दर रविवारी मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

मास्तरांनी ठरवलं, उद्यापासून पानं बंद. आज शेवटचं. आणि निरोप द्यायचाच तर थाटात द्यावा, म्हणून त्या दिवशी त्यांनी जो बोळा धरला तसा आयुष्यात कधी धरला नव्हता. गाल असा तट्ट फुगला की उजवा डोळा निम्मा मिटला. अशा अवस्थेत ते फोन घेऊन शेजारच्या डोन्या हुस्ताकडे गेले.

डोन्या हुस्ता म्हणजे कोकाच्या पानांची विक्रेती. मास्तरांच्या दुकानाला लागूनच तिच्या पोत्यांची रास, आणि त्या राशीवर ती स्वतः. तिच्याकडे स्मार्टफोन फार आधीपासून होता, त्यामुळे बाजारात कुणाचा फोन रुसला की तो तिच्या मांडीवर यायचा.

"आधी कुलूप," ती म्हणाली. "बाजारात चोर कमी आणि चौकस जास्त. हा फोन तुमचा चेहरा बघून उघडेल. टोपी काढा, नाक सरळ. हसू नका."

"मी कुठे हसतोय?"

"मग हा गाल?"

"गाल असाच आहे माझा."

डोन्या हुस्ताने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. गाल असाच होता. मास्तरांचा सपाट गाल तिने तरी कधी पाहिला होता? फोनने चेहरा इकडून घेतला, तिकडून घेतला, आणि समाधानाने टिंग केलं.

"आता एक पिन. म्हणजे आकडा. चेहरा ओळखू आला नाही तर फोन आकडा मागतो. असा द्या, जो कुणालाही सुचणार नाही."

"माझं जन्मसाल!" मास्तर मोठ्याने म्हणाले.

समोरच्या केळीवालीने केळी मोजता मोजता ते साल सांगितलं.

"मग लग्नाची तारीख."

केळीवालीने तारीख सांगितली, वर त्या दिवशी कुठला बॅंड होता आणि कोण दारू पिऊन पडलं होतं तेही सांगितलं. शेवटी डोन्या न्येवेस यांना बोलावणं गेलं. त्या आल्या, सगळ्यांकडे पाठ केली, शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि तिच्या आत फोन नेऊन आकडा टाकला.

"काय टाकलंस?" मास्तरांनी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"अगं, फोन माझा आहे!"

"फोन तुझा, आकडा माझा. तुझ्या तोंडात पानांशिवाय दुसरं काही टिकलंय का आजवर?"

घरातल्या पेटीची किल्ली डोन्या न्येवेस यांच्या कमरेला असायची, तिच्या शेजारी हा आकडाही जाऊन बसला. डोन्या हुस्ताने जाता जाता अजून एक बंदोबस्त केला. फोनला कुलूप असताना मेसेज आला तर तो कुणाचा आहे एवढंच वर दिसेल, आतला मजकूर नाही. "सगळ्यांचे डोळे लांब असतात," ती केळीवालीकडे बघत म्हणाली. डोन्या न्येवेस यांनी लोकरीची पिशवी विणून फोन नवऱ्याच्या गळ्यात अडकवला. एवढी राखण तर आमच्या बॅंकेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर कोऱ्या तोंडाने दुकानात आले. मोठ्या ऐटीत पिशवीतून फोन काढून तोंडासमोर धरला. फोन उघडेना. लांब धरला, जवळ धरला, उजेडात जाऊन धरला. "चेहरा ओळखता आला नाही." मास्तरांना फार लागलं. साठी उलटलेल्या माणसाला कालच्या पोराने कोण तुम्ही म्हणून विचारावं, तसं झालं.

"हुस्ता, हा मला ओळखत नाही."

डोन्या हुस्ताने त्यांच्या खोलगट गालाकडे पाहिलं. "मास्तर, मीसुद्धा नसतं ओळखलं. काल फोनने पाहिलं ते तोंड हे नव्हेच."

"मग आजचं तोंड दाखवू त्याला."

"छे! चेहरा एकदाच देतात. बाप्तिस्मा कुणी दोनदा करतं का?"

हे खरं होतं का? मुळीच नव्हतं. पण डोन्या हुस्ताला तसं मनापासून वाटत होतं, निदान तिचा चेहरा तसंच सांगत होता. आणि मास्तरांनीही अजून कुणाला विचारायची तसदी घेतली नाही, कारण मिळालेलं उत्तर त्यांना फार आवडलं होतं. "आता फोनसाठी म्हणून..." असं पुटपुटत त्यांनी पोत्यात हात घातला. त्या दिवसापासून मास्तर रोज फोनसाठी पानं खाऊ लागले. आणि फोनला निरोपाच्या मापाचा बोळा लागायचा, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्तच खाऊ लागले.

राहिला रविवार. रविवार टोप्यांच्या गिऱ्हाइकीचा, त्यामुळे मार्लेनेचा व्हिडिओ कॉल दुकानातच यायचा. मास्तर फोन डाव्या बाजूला धरत आणि मान अशी वळवत की स्क्रीनवर डावा कान, डावा डोळा, डावा सपाट गाल. नाण्यावरच्या राजासारखे दिसत. डोन्या न्येवेस जेवणाचा डबा घेऊन येत आणि न बोलता त्यांच्या डावीकडेच बसत.

"पप्पा, सरळ बघा ना."

"उजेड डोळ्यांवर येतो गं."

"पानं सोडलीत ना?"

"शपथ घेतलीय ना मी?" मास्तर म्हणत. आता यात खोटं काहीच नव्हतं. शपथ त्यांनी घेतलीच होती.

एकदा लाउतारोने मधे तोंड घालून विचारलं, "मम्मा, आजोबांना एकच डोळा आहे?" मार्लेने हसली. आजोबा लाजतात, म्हणाली. मास्तरही हसले, पण त्या दुपारी त्यांनी एका टोपीची कड जाळली.

आणि जानेवारीत मार्लेनेने कळवलं की कार्निवलला ती लाउतारोला घेऊन येतेय. बसचं तिकीट काढलंय.

मास्तर आनंदाने उभे राहिले आणि लगेच खाली बसले. सात वर्षांनी पोरगी येणार, नातू पहिल्यांदा मांडीवर बसणार. आणि ती आल्याबरोबर कुठे घेऊन जाणार? माउलीच्या देवळात. तिथे एका बाजूला पोरगी, समोर माउली. तिथे डावा गाल कुणाकुणाला दाखवायचा? पोरीच्या नजरेत आपण खोटे पडलो तर, हा विचार त्यांना हिरड्यांपेक्षा जास्त ठणकू लागला. त्याच संध्याकाळी त्यांनी बोळा थुंकला, चूळ भरली, आणि खरोखरच पानं सोडली.

ते दिवस बाजाराने भोगले. मास्तर केळीवालीवर ओरडले, गिऱ्हाइकाच्या टोपीत दुसऱ्याच गिऱ्हाइकाची फीत लावली, काड्या चघळल्या, गाजरं चघळली, ब्रशचा दांडा चघळला. डोन्या हुस्ता रुसून बोलेनाशी झाली. आणि फोन तर पार मुका झाला. काही बघायचं म्हटलं की मास्तर दुकान केळीवालीवर सोपवून चढण चढत घरी जायचे आणि धापा टाकत फोन बायकोपुढे धरायचे. डोन्या न्येवेस शाल डोक्यावर घेऊन आकडा टाकायच्या आणि एक अक्षरही न बोलता फोन परत द्यायच्या. मास्तरांना वाटायचं, हिला काही कळलेलं नाही.

बस येण्याचा दिवस उजाडला. डोन्या न्येवेस सकाळीच सुकटाची भाजी आणि उकडलेले बटाटे बांधून बस स्थानकावर गेल्या. त्यांच्याकडे फोन नव्हताच. स्थानक गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या सगळ्या रस्त्यांवर कार्निवलची तालीम चाललेली. ढोल, तुताऱ्या, नाचणाऱ्यांच्या रांगा, माणूस पलीकडे जायला तयार असला तरी रस्ता तयार नव्हता. मास्तर एका नाचाच्या पथकाच्या टोप्या उरकून मागाहून निघणार होते.

दोन्ही हात वाफेत असताना गळ्यातला फोन वाजला. हात पुसून पिशवी उघडेपर्यंत थांबला. पाठोपाठ टिंग झालं. वर लिहिलेलं, "मार्लेने. नवीन मेसेज." आत काय ते दिसेना. मास्तरांनी चेहरा दाखवला. ओळखता आला नाही. त्यांनी बायकोच्या वाढदिवसाचा आकडा टाकून पाहिला, मुलीचा टाकून पाहिला. फोन म्हणाला, थोडा वेळ थांबा.

तेवढ्यात डोन्या हुस्ताच्या रेडिओवर बातमी आली. विंतोच्या पलीकडे लोकांनी रस्त्यावर दगड टाकून वाहतूक अडवलीय. पोतोसीकडून येणाऱ्या बस आडरानात उभ्या आहेत. मास्तरांनी डोंगराकडे पाहिलं. गारांचा काळा ढग तिकडेच चाललेला. मार्लेनेची बस त्याच वाटेवर होती.

तिने पुन्हा फोन करावा म्हणून त्यांनी वाट पाहिली. दुसरा कॉल येईना. स्थानकाकडे धावावं तर तालमीतून वाट काढत जाऊन न्येवेसला गाठेपर्यंत अंधार पडेल. ते पोत्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"हुस्ता, दे."

"काय देऊ? वाचा फुटली वाटतं. आम्हाला वाटलं मास्तर आता संत झाले."

"हुस्ता, पोरगी रस्त्यावर आहे. तिचा मेसेज आत अडकलाय."

डोन्या हुस्ताचा रुसवा जागच्या जागी विरघळला. तिने पोतं सोडलं, मूठभर पानं मांडीवर घेतली आणि स्वतः देठ काढून देऊ लागली. मास्तर भराभर गालात भरू लागले. इतक्या दिवसांनी तो कडू रस जिभेवर उतरला, पण त्यांना त्याची चव लागली नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की आपण शपथ मोडतोय, आणि तीही नेमकी आज.

"धरा समोर."

नाही उघडला.

"अजून लागेल. त्या दिवशी निरोपाचा होता, मला आठवतंय ना," डोन्या हुस्ता म्हणाली. "डोळा निम्मा मिटला पाहिजे."

केळीवाली, सुकी मासळीवाली आणि टोप्या न्यायला आलेल्या दोन बाया भोवती गोळा झाल्या. "वरच्या बाजूला भर घाला," एक म्हणाली. "कानाकडे सरकवा हो!" दुसरी म्हणाली. मास्तर बिचारे घामाघूम होऊन चावत होते. शेवटी उजवा डोळा मिटत आला तेव्हा फोनने टिंग केलं आणि जुना दोस्त भेटल्यासारखा उघडला. बाया टाळ्या वाजवू लागल्या.

"पप्पा, रस्ता बंद आहे, बसने उतरवलंय. चालत टोलनाक्याकडे येतोय, तिथे कुठेतरी थांबतो. माझं डोकं फुटतंय. बॅटरी संपत आली." खाली नकाशा आणि त्यावर एक लाल ठिपका.

डोन्या हुस्ताने पानांची एक पुडी त्यांच्या खिशात कोंबली. "डोकं फुटतंय म्हणजे तिला उंची लागलीय. सात वर्षं खाली राहिली पोरगी. ही द्या तिला."

टॅक्सी दगडांच्या रांगेपर्यंत गेली, पुढे चालत. रस्त्यावर ट्रकांची रांग, ट्रकांच्या आडोशाला चुली, सामान घेऊन भरकटणारे प्रवासी. बोळा थुंकायची सोय नव्हती, कारण चार पावलं गेली की फोन मिटायचा आणि नकाशा बघायला पुन्हा तेच तोंड लागायचं. मास्तरांनी बेत आखला होता. पोरगी लांबून दिसली की पाठ फिरवायची, बोळा दगडाआड टाकायचा, तोंड पुसायचं, आणि मग मिठी. बेत उत्तम होता. समोर बघत, डोळे बारीक करून ते चालले होते, एवढ्यात अगदी जवळून हाक आली.

"पप्पा!"

हाक उजवीकडून आली होती.

मास्तरांनी सवयीने झटकन मान फिरवून डावा गाल पुढे केला. पत्र्याच्या शेडखाली सुटकेसवर मार्लेने बसलेली, चेहरा पांढराफटक. तिच्या बाजूने एक पोरगं उडी मारून पुढे आलं. त्याने आजोबांचा तो ओळखीचा डावा गाल पाहिला, मग वळसा घालून पलीकडे गेला आणि आनंदाने ओरडला, "मम्मा! आजोबांना दुसरी बाजूपण आहे!" आणि जरा थांबून म्हणाला, "पण ती सुजलीय."

मार्लेने उठली. तिने वडिलांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.  मास्तरांना वाटलं, ढगातल्या सगळ्या गारा आता आपल्या एकट्यावर पडल्या तर बरं होईल.

"माउलीची शपथ होती, पप्पा."

"फोडलीय गं. खवंच फोडलीय!" एवढ्या बोळ्यातून 'सोडलीय' कसं निघणार? ते दगडाआड गेले, बोळा टाकला, तोंड पुसून परत आले. "सोडलीय. तुझं तिकीट निघालं त्या दिवसापासून पानाला शिवलो नाही. आज तुझा मेसेज आला, फोन उघडेना, म्हणून..."

"पानांनी फोन उघडतो?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. निरोपाचा बोळा, फोनने घेतलेला चेहरा, कोऱ्या तोंडाला न ओळखणं. 

"म्हणजे तिकीट काढेपर्यंत हा फोन रोज बोळ्यावरच उघडत होता," ती म्हणाली.

मास्तर आजच्या एका दिवसाचा डाग पुसायला गेले आणि मागचे सगळे महिने आपल्याच तोंडाने सांगून बसले. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "तुझ्यापुढे खोटं पडायचं नव्हतं गं," म्हणाले. "म्हणून तर पडत गेलो."

मार्लेने सुटकेसवर बसली. डोकं दोन्ही हातांत धरलं.

"पप्पा, गालच फुगवायचा होता ना?"

"हो."

"मग कापडाचा बोळा घातला असता तर?"

मास्तरांना दुकान आठवलं. त्यांच्या दुकानात टोप्यांच्या कापडाचे तुकडे पोत्याने पडलेले असतात. महिनोन् महिने त्यांच्यावर बसूनच ते पानं चघळत होते.

"हुस्ताला नाही सुचलं," ते कसंबसं म्हणाले.

"हुस्ता पानं विकते, पप्पा."

आणि मार्लेने हसायला लागली. हसता हसता डोक्यात कळ गेली, "आई गं!" म्हणून तिने कपाळ दाबलं. डोळे मिटूनच तिने हात पुढे केला. "उरलीत का थोडी?"

मास्तरांनी खिशातली पुडी काढली. देठ काढून एकेक पान तिच्या हातावर ठेवलं. ती लहान असताना तिला संत्र्याच्या फोडी अशाच सोलून द्यायचे. तिने पानं गालात धरली. लाउतारो वळसा घालून तिचीही दुसरी बाजू बघून आला.

स्थानकावर डोन्या न्येवेस थंडगार भाजीचं गाठोडं मांडीवर घेऊन, सगळ्या बस कंपन्यांना शिव्या देत बसलेल्या. नातवाला छातीशी धरून त्यांचं रडून झालं. घरी चूल पेटली, आणि मगच मार्लेनेने विचारलं, "आई, खरं सांग. पप्पांनी सोडली होती?"

"पूर्वी हा दिवसभर दुकानात फोन आपला आपण उघडायचा," डोन्या न्येवेस म्हणाल्या. "तिकीट निघालं आणि हा रोज चार-चारदा चढण चढून माझ्याकडे यायला लागला, उघडून दे म्हणून. मी म्हटलं, एकतर फोन बिघडलाय, नाहीतर माणूस सुधारलाय. आणि फोन तर तू दिलेला, नवाकोरा."

"तुला सगळं माहीत होतं?" मास्तर ओरडले.

"चाळीस वर्षं तुझे खिसे धुतेय मी. दर रविवारी तुझा उजवा गाल टाळून डावीकडे बसत होते ते काय हवा खायला?"

मार्लेनेने वडिलांना दिव्याखाली बसवलं. आईने शालीत शिरून आकडा टाकला आणि मार्लेनेने फोनमधला जुना चेहरा पुसून टाकला. दोन बोटांत झालं ते काम. चेहरा एकदाच देतात म्हणे! मास्तर टोपी काढून सरळ बसले. नाक सरळ, दोन्ही गाल सपाट, उजवा जरा खोलच. इतक्या वर्षांनी अख्खा चेहरा कुणापुढे धरायचा म्हणजे त्यांना उघड्यावर आंघोळ केल्यासारखी लाज वाटत होती. फोनने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, टिंग केलं.

कार्निवल झाला, माउलीपुढे दोघं बाप-लेक गुडघ्यांवर गेले, आणि तिथे काय बोलणं झालं ते माउलीला ठाऊक. कापडाच्या बोळ्याची गोष्ट बाजारात पोचली तेव्हा डोन्या हुस्ता पोत्यांवरून म्हणाली, "सुचलं असतं तर सांगितलं असतं हो!" केळीवाली इतकी हसली की घड हातातून पडला.

आणि त्या सगळ्या बंदोबस्ताचं काय झालं? शालीत दडलेला आकडा, झाकलेले मेसेज, लोकरीची पिशवी. लाउतारोला पहिल्याच सकाळी युक्ती सापडली. आजोबा कोवळ्या उन्हात डुलक्या घेत बसले की तो पिशवीतून फोन काढायचा, "आजोबा!" म्हणून हाक मारायचा, आणि त्यांनी डोळे उघडताच फोन तोंडासमोर धरायचा. टिंग! की लागलं कार्टून.

मास्तरांनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी हाक आली तेव्हा त्यांनी डोळे उघडता उघडता उजवा गाल हवेने टम्म फुगवला. फोन उघडला नाही. लाउतारोने फोन हलवून पाहिला, पुन्हा धरला. चेहरा ओळखता आला नाही. त्याने आजोबांकडे संशयाने पाहिलं, बोट पुढे केलं आणि तो गाल दाबला. सगळी हवा फुर्र करून निघून गेली, आत पान एकही नव्हतं, आणि फोन उघडला.